नवे डोमेन, जुने दायित्व

विद्यापीठाच्या इंटरनेटवरील अस्तित्वाचा सर्वांत ठळक आणि तरीही सर्वांत कमी विचारात घेतला जाणारा भाग म्हणजे त्याचे डोमेन नाव, म्हणजेच संकेतस्थळाच्या पत्त्यात आणि ईमेलमधील ‘ॲट’ या चिन्हानंतर येणारी, ठिपक्यांनी जोडलेली अक्षरांची मालिका होय. ही मालिका बदलण्याचा विषय व्यवस्थापन परिषदेपुढे आला, तर तो संगणक केंद्राचे एक तांत्रिक काम म्हणून मंजूर होऊन जाण्याची शक्यता अधिक असते. नवे नाव नोंदवणे आणि चालू करणे हे खरोखरच एका दुपारचे काम असते. परंतु जुने नाव जगात जिथे जिथे लिहिले गेले आहे तिथे तिथे त्याचे काय करायचे, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे पुरतो आणि स्थलांतराचा खरा खर्च, खरी जोखीम व खरी जबाबदारी याच प्रश्नात दडलेली असते.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो आणि माणसांच्या सोयीसाठी त्या आकड्यांना नावे दिलेली असतात. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यात अशा सर्व नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जात असे आणि इतर सर्व संगणक तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढू लागल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, या व्यवस्थेची मांडणी केली. तिच्यात नावांची मालकी वरून खाली वाटून दिलेली असते: ‘डॉट इन’ची नोंदवही एकाकडे, तिच्या आतील ‘एसी डॉट इन’ची जबाबदारी दुसऱ्याकडे आणि त्याच्याही आतील विद्यापीठाच्या नावाखालील सर्व नोंदी स्वतः विद्यापीठाकडे. अमेरिकेतील पर्ड्यू, राइस आणि कार्नेगी मेलन या विद्यापीठांनी ‘डॉट ईडीयू’खालील आपली नावे एप्रिल १९८५ मध्ये नोंदवली आणि ती आजही तशीच चालू आहेत. नोंदवहीतील बदल आणि लोकव्यवहारातील बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगायला नको. सातबाऱ्यावर फेरफार नोंद झाली तरी गावाच्या तोंडी ते शेत पुढची पिढीभर जुन्या मालकाच्याच नावाने ओळखले जाते.

मग विद्यापीठे आणि संशोधनसंस्था डोमेन बदलतातच का, याचे एक उत्तर भारतीय इंटरनेटच्या बालपणातच सापडते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट, म्हणजे शिक्षण आणि संशोधनासाठीचे जाळे, हा प्रकल्प हाती घेतला. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या त्यातील प्रमुख सहभागी संस्था होत्या आणि मुंबईच्या या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी हे त्या उभारणीतील एक प्रमुख नाव होते. १९८९ मध्ये ‘डॉट इन’ हे भारताचे शिखरनाव अस्तित्वात आले आणि जाळ्याला जोडल्या गेलेल्या संस्थांना ‘अर्नेट डॉट इन’च्या पोटात नावे मिळाली. त्यामुळे भारतीय विज्ञान संस्थेचा पत्ता ‘आयआयएससी डॉट अर्नेट डॉट इन’ असा, तर पुण्याच्या आयुकाचा ‘आयुका डॉट अर्नेट डॉट इन’ असा झाला.

त्या काळात ही रचना स्वाभाविक होती, कारण जाळे पुरवणारा एकच होता आणि त्याच्याशिवाय पत्त्याला अर्थही नव्हता. परंतु तिचा परिणाम असा झाला, की देशातील नामवंत संस्थांची ओळख त्यांना जोडणी देणाऱ्या यंत्रणेच्या नावाला लटकलेली राहिली. अशा पोटनावावर संस्थेचा स्वतंत्र हक्क नसतो; वरच्या नावाच्या धन्याने आपली नोंद बदलली, तर खालचे नाव आपोआप नाहीसे होते. पुढे शैक्षणिक संस्थांसाठी ‘एसी डॉट इन’ हा विभाग रूढ झाला, त्याच्या नोंदणीचे काम अर्नेट इंडियाकडेच आले आणि संस्था एकेक करून स्वतःच्या नावावर आल्या: मुंबईची आयआयटी ‘आयआयटीबी डॉट एसी डॉट इन’वर, भारतीय विज्ञान संस्था ‘आयआयएससी डॉट एसी डॉट इन’वर आणि आयुका ‘आयुका डॉट इन’वर. मधल्या काळातले लेखन मात्र जिथे होते तिथेच राहिले. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या आणि आज आर्काइव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधननिबंधांच्या भांडारात, त्या दशकात पुण्याहून पाठवलेल्या खगोलभौतिकीच्या निबंधांवर लेखकांचे पत्ते अर्नेटचेच आहेत आणि ते तसेच राहणे योग्यही आहे, कारण प्रकाशित निबंध हा त्या दिवसाचा दस्तऐवज असतो.

दुसरे कारण विलीनीकरणाचे. इंग्लंडमधील व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ मँचेस्टर आणि युमिस्ट या दोन संस्था ऑक्टोबर २००४ मध्ये एकत्र आल्या, तेव्हा ‘मॅन डॉट एसी डॉट यूके’ आणि ‘युमिस्ट डॉट एसी डॉट यूके’ या दोन्ही नावांच्या जागी ‘मँचेस्टर डॉट एसी डॉट यूके’ हे पूर्ण नाव आले. फिनलंडमध्ये तंत्रज्ञान, अर्थशास्त्र आणि कला या तीन विषयांची तीन विद्यापीठे २०१० मध्ये आल्टो विद्यापीठात विलीन झाली, तेव्हाही तीन जुन्या पत्त्यांचा प्रवाह एका नव्या पत्त्याकडे वळवावा लागला. तिसरे कारण नामांतराचे. पण नामांतर झाले म्हणजे डोमेन बदललेच पाहिजे असे नाही, हे महाराष्ट्रात दिसते. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले आणि जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. दोन्हींचे मूळ डोमेन मात्र कायम राहिले. पदवीपत्रावर, प्रवेशद्वारावर आणि संकेतस्थळाच्या मथळ्यावर नव्या नावाचा पूर्ण सन्मान राखूनही दळणवळणाचा पत्ता न मोडणे ही समजूतदार वाट आहे, आणि ज्यांच्यापुढे खरोखर पर्याय आहे त्यांनी ती आधी तपासून पाहावी.

बदल अटळ असेल, तर सर्वाधिक काळजी ईमेलची घ्यावी लागते. संकेतस्थळ उघडले नाही तर वाचकाला ते तत्काळ कळते. पत्र पोहोचले नाही, तर ते पाठवणाऱ्याला कदाचित कळते आणि ज्याला मिळायचे होते त्याला कधीच कळत नाही. म्हणून एका पत्राचा प्रवास बारकाईने पाहणे उपयोगाचे ठरते. जर्मनीतील एखाद्या नियतकालिकाच्या संपादकाने भारतीय प्राध्यापकाच्या जुन्या पत्त्यावर परीक्षणाची विनंती पाठवली, असे समजू. संपादकाचा मेल सर्व्हर प्रथम डीएनएसला विचारतो, की या डोमेनची पत्रे कोण स्वीकारतो. त्याचे उत्तर ज्या नोंदीत असते तिला एमएक्स नोंद म्हणतात. हे उत्तर दरवेळी मूळ स्थानावरून आणले जात नाही, वाटेतील सर्व्हर त्याची प्रत काही काळ जवळ ठेवतात आणि तो काळ किती असावा हे त्या नोंदीसोबतच सेकंदांत लिहिलेले असते. टीटीएल या नावाने ओळखला जाणारा हा आकडा पुष्कळदा ८६,४०० म्हणजे एक पूर्ण दिवस असतो. त्यामुळे एमएक्स नोंद सकाळी बदलली, तरी जगातील काही सर्व्हर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जुन्याच यंत्राकडे पत्रे नेत राहतात. जाणकार व्यवस्थापक म्हणूनच बदलाच्या काही दिवस आधी हा आकडा ३०० सेकंदांवर आणतात, जुन्या प्रती विरून जाऊ देतात, मग मूळ बदल करतात आणि सारे स्थिर झाल्यावर आकडा पुन्हा वाढवतात.

ईमेलची मूळ रचना या बाबतीत उदार आहे. समोरचा सर्व्हर उत्तरच देत नसेल, तर पाठवणारा सर्व्हर पत्र टाकून देत नाही. तो ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि प्रमाणकानुसार हा प्रयत्न किमान चार ते पाच दिवस चालू ठेवणे अपेक्षित आहे. याचा अर्थ स्थलांतराच्या रात्री मेल सर्व्हर सहा तास बंद राहिला, तरी सहसा एकही पत्र हरवू नये. हानी होते ती वेगळ्याच प्रकाराने. नवा सर्व्हर चालू आहे, पण त्याच्यावर जुन्या डोमेनच्या वापरकर्त्यांची यादी अजून चढलेली नाही, अशा स्थितीत तो प्रत्येक पत्राला ‘असा कोणी येथे नाही’ हे उत्तर ५५० या क्रमांकासह देतो. हा नकार कायमस्वरूपी मानला जातो, पत्र त्याच क्षणी परत जाते आणि अनेक टपालयाद्या असा नकार आलेले पत्ते आपल्या यादीतून काढूनही टाकतात. चुकीचे उत्तर देणाऱ्या सर्व्हरपेक्षा बंद सर्व्हर पुष्कळ बरा, हे तत्त्व स्थलांतराचा क्रम आखताना पक्के धरले पाहिजे: आधी सर्व पत्ते नव्या यंत्रावर तयार करून तपासायचे आणि मगच जगाला तिकडे वळवायचे.

जुन्या पत्त्यावर आलेले पत्र नव्या पेटीत कसे पोहोचवायचे याचे दोन मार्ग आहेत आणि ते दिसायला सारखे असले तरी परिणामांत फार वेगळे आहेत. पहिल्यात एकाच पेटीला दोन नावे दिली जातात. याला उपनाव किंवा एलियास म्हणतात. दुसऱ्यात जुना सर्व्हर पत्र स्वीकारतो आणि ते नव्या पत्त्याकडे स्वतः पुन्हा पाठवतो, यालाच फॉरवर्ड करणे म्हणतात. दुसरा मार्ग सोपा वाटतो, पण तो आजच्या इंटरनेटवर अडखळतो. खोट्या नावाने पत्रे पाठवण्याला आळा घालण्यासाठी आज तीन व्यवस्था एकत्र काम करतात: एसपीएफ, ज्यात आपल्या नावाने पत्र पाठवण्याची मुभा कोणत्या यंत्रांना आहे हे डोमेनचा धनी डीएनएसमध्ये जाहीर करतो, डीकेआयएम, ज्यात प्रत्येक पत्रावर गणिती स्वाक्षरी केली जाते, आणि डीमार्क, ज्यात या दोन्ही कसोट्यांवर नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे सांगितलेले असते. विद्यापीठाच्या जुन्या सर्व्हरने संपादकाचे पत्र पुढे पाठवले, की शेवटच्या सर्व्हरला ते संपादकाच्या संस्थेचे म्हणून, पण भलत्याच यंत्राकडून आलेले दिसते आणि एसपीएफची कसोटी मोडते. स्वाक्षरी अभंग राहिली तर पत्र तरते. परंतु वाटेत एखाद्या यंत्रणेने विषयाच्या ओळीत किंवा तळाशी एखादा इशारा जोडला, तर स्वाक्षरीही मोडते आणि खरे पत्र खोटे ठरते. म्हणून शक्य असेल तिथे उपनावाचा मार्गच स्वीकारावा.

बाहेर जाणाऱ्या पत्रांची अडचण निराळी असते. नव्या डोमेनला पत्रव्यवहाराचा पूर्वेतिहास नसतो आणि मोठ्या मेलसेवांच्या दृष्टीने इतिहास नसलेल्या नावावरून अचानक आलेला पत्रांचा लोंढा हे संशयाचे लक्षण असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्या डोमेनला तिन्ही व्यवस्था लावून घेणे आवश्यक झाले. लाखो विद्यार्थ्यांना परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल आणि शुल्काच्या सूचना पाठवणारे भारतीय विद्यापीठ ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे नव्या नावावरून पहिले काही आठवडे कमी प्रमाणात, ओळखीच्या व्यक्तींशी होणारा व्यवहार सुरू करावा आणि परीक्षांच्या हंगामात स्थलांतर करू नये. विद्यापीठाचे वेळापत्रक पाहिले, तर अशी निवांत मुदत वर्षात फार थोडी सापडते.

पत्रांखेरीज ईमेल पत्त्याला आणखी एक काम येऊन चिकटले आहे. तो आज माणसाची ओळख झाला आहे. कॅलेंडरमधील पुनरावर्ती बैठकीचा आयोजक म्हणून पत्ताच नोंदलेला असतो, आणि तो बदलल्यावर ती बैठक रद्द किंवा दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे काही प्रणालींना कळेनासे होते. केवळ सभासदांची पत्रे स्वीकारणाऱ्या टपालयादीवर वीस वर्षांचा सभासद नव्या पत्त्यावरून लिहितो, तेव्हा तो परका ठरतो. नियतकालिकांच्या निबंध स्वीकारणाऱ्या प्रणाली, संगणक आज्ञावली ठेवण्याची भांडारे, परिषदांची नोंदणी या सर्व ठिकाणी प्राध्यापकाचे खाते जुन्या पत्त्याने उघडलेले असते आणि पासवर्ड विसरल्यास नवा पासवर्ड त्याच पत्त्यावर जातो. जुना पत्ता बंद पडला, की या खात्यांची किल्लीच हरवते. आणि तो पत्ता दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर किल्लीही त्याच्या हाती जाते.

एज्युरोम ही व्यवस्था याचे बोलके उदाहरण आहे. युरोपात २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि भारतात अर्नेटच्या समन्वयाखाली चालणाऱ्या या व्यवस्थेत एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या सहभागी विद्यापीठाच्या आवारात आपल्याच खात्याने वायफाय वापरू शकतो. त्यासाठी तो आपले नाव डोमेनसह लिहितो. यजमान विद्यापीठ ‘ॲट’नंतरचा भाग वाचून ती विनंती विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेकडे पाठवते आणि तिथून होकार आला, की जोडणी मिळते. हे नाव फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये एकदा साठवले, की कोणी पुन्हा पाहत नाही. मूळ संस्थेने जुन्या डोमेनचे उत्तर देणे थांबवले, तर तिचा विद्यार्थी हजारो किलोमीटर दूर परिषदेच्या सभागृहात अकस्मात जाळ्याबाहेर पडतो आणि त्याला मदत करू शकणारे संगणक केंद्र त्या वेळी कदाचित झोपलेले असते. ग्रंथालयाच्या दूरस्थ प्रवेशातही असाच प्रकार घडतो: संस्थेच्या खात्याने प्रकाशकाच्या संकेतस्थळावर प्रवेश करणाऱ्याची ओळख डोमेनला बांधलेली असेल, तर डोमेन बदलताच प्रकाशकाला तो नवा माणूस वाटतो आणि त्याने जतन केलेले शोध व टिपणे जुन्या ओळखीपाशीच अडकतात. आवाराच्या आतून मिळणारा प्रवेश बहुधा यंत्रांच्या आकडी पत्त्यांवर ठरत असल्यामुळे तो मात्र सुरळीत चालू राहतो आणि त्यामुळे बाहेरच्यांची तक्रार आत बसलेल्यांना लवकर पटत नाही.

संकेतस्थळांच्या बाबतीत मुख्य साधन म्हणजे पुनर्निर्देशन, अर्थात रीडायरेक्ट. जुन्या पत्त्यावर आलेल्या ब्राउझरला सर्व्हर ३०१ हा क्रमांक आणि नवा पत्ता देतो. ३०१चा अर्थ ‘कायमचे हलले’ असा आहे, तर ३०२चा ‘तात्पुरते हलले’ असा, आणि शोधयंत्रे या दोहोंतील फरक गांभीर्याने घेतात. येथे आळसाला मोठी किंमत मोजावी लागते. जुन्या स्थळावरील प्रत्येक पानाला नव्या स्थळावरील त्याच्याच जोडीदार पानाकडे पाठवणे हे कष्टाचे काम असल्याने सर्व जुने पत्ते सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवण्याचा मोह होतो. असे केल्याने १९९८च्या एखाद्या तांत्रिक अहवालाचा दुवा शोधत आलेला वाचक कुलगुरूंच्या स्वागतपर संदेशापाशी पोहोचतो, आणि त्याच्या दृष्टीने तो अहवाल हरवलेलाच असतो. गूगलही अशा पुनर्निर्देशनाला पान सापडले नसल्यासारखेच मानते. त्या कंपनीचा स्थळचालकांना दिलेला सल्ला असा, की पुनर्निर्देशन शक्य तितका दीर्घकाळ आणि किमान एक वर्ष तरी चालू ठेवावे; पण हा हिशोब शोधयंत्राच्या सोयीचा आहे. पुस्तकाच्या तळटिपेत छापलेला दुवा एका वर्षात मावळत नाही.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात आग्रहाने मांडले होते, की चांगले पत्ते बदलत नसतात आणि ते बदलतात ते तंत्रज्ञानाच्या गरजेने नव्हे, तर माणसांच्या निष्काळजीपणाने. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दशकभराने उघडेनाशी झाल्याचे आढळले. ज्ञान जपणे हेच ज्यांचे काम, त्या विद्यापीठांनी या ऱ्हासात भर घालावी हे क्लेशदायक आहे.

पुनर्निर्देशनाच्या वाटेत आणखी एक अडथळा आहे, जो पहिल्या वर्षी दिसत नाही. आज बहुतेक सर्व पत्ते ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतात, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांतील संवाद सांकेतिक लिपीत होतो आणि त्याआधी सर्व्हरला आपल्या नावाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो आणि मगच सर्व्हरचे म्हणणे ऐकतो. त्यामुळे जुन्या नावाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, तर ‘आम्ही तिकडे गेलो आहोत’ हा निरोप सांगण्याची संधीच सर्व्हरला मिळत नाही. वाचकाला दिसतो तो धोक्याचा लाल इशारा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची प्रमाणपत्रे बहुतांशी ९० दिवसांची असतात आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था व ब्राउझर निर्माते यांच्या मंचाने २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार २०२९ पासून सर्वच सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवस होणार आहे. ज्या नावावर आता काहीच चालत नाही असे वाटते, त्याचेही प्रमाणपत्र आपोआप नूतनीकृत होत राहील अशी सोय करून ठेवणे म्हणूनच गरजेचे होते.

पुनर्निर्देशन हा माणसाने वाचायच्या पानांवरचा उपाय आहे. यंत्रांनी यंत्रांशी केलेल्या व्यवहारांत तो अपुरा पडतो. विद्यार्थ्याने शुल्क भरल्यावर पेमेंट गेटवे ‘पैसे मिळाले’ हा निरोप ज्या पत्त्यावर पाठवतो, तो पत्ता करारासोबत आधीच नोंदलेला असतो. तो पत्ता बदलायचा राहून गेला आणि मध्ये ३०१ आले, तर अनेक प्रणाली निरोपासोबतचा मजकूर गाळून केवळ पान मागवण्याची विनंती पुढे नेतात. खात्यातून पैसे जातात, पण अर्ज अपूर्ण दिसतो. मजकूर न गाळता पुढे नेणारा ३०८ हा क्रमांक याच कारणासाठी नंतर प्रमाणित करण्यात आला, तरीही खरा उपाय एकेक करार काढून पत्ता दुरुस्त करण्याचाच असतो. आणि ज्याची दुरुस्ती शक्यच नाही अशीही एक जागा आहे. गुणपत्रिकेवर किंवा पदवी प्रमाणपत्रावर पडताळणीसाठी छापलेल्या क्यूआर कोडमध्ये विद्यापीठाचा पत्ता अक्षरशः कोरलेला असतो. ते प्रमाणपत्र मिळवणारी विद्यार्थिनी तीस वर्षांनी दुसऱ्या देशात ते नोकरीसाठी पुढे करील, तेव्हा त्या चौकोनातला पत्ता जिवंत असणे हे विद्यापीठाने तिला दिलेल्या पदवीचाच भाग आहे.

संशोधनाच्या जगाने या अस्थिरतेवर आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. डीओआय या व्यवस्थेत प्रत्येक निबंधाला कायमचा क्रमांक दिला जातो आणि तो क्रमांक सध्या कोणत्या पत्त्याकडे न्यायचा याची नोंद मध्यवर्ती ठिकाणी ठेवली जाते. पत्ता बदलला, की प्रकाशकाने एक नोंद दुरुस्त करायची, वाचकाकडील क्रमांक तोच राहतो. २००० मध्ये स्थापन झालेल्या क्रॉसरेफ या संस्थेमुळे ही पद्धत नियतकालिकांत सर्वत्र रुजली. व्यक्तींसाठी तेच काम २०१२ मध्ये सुरू झालेला ऑर्किड क्रमांक करतो, जो संशोधकासोबत संस्था बदलूनही राहतो. ज्या विद्यापीठाने आपल्या प्रबंधांना आणि अहवालांना असे कायम क्रमांक आधीच दिले आहेत, त्याचे स्थलांतर निम्म्याने हलके होते. तरीही तंत्रज्ञांनी डोमेनलाच क्रमांकासारखे वापरल्याच्या जागा उरतात. स्टॅनफर्डच्या भाषासंगणन गटाच्या आज्ञावलींची अंतर्गत नावे ‘ईडीयू डॉट स्टॅनफर्ड डॉट एनएलपी’ अशी, डोमेन उलटे लिहून, सुरू होतात. अशी नावे जगभरच्या हजारो आज्ञावलींत गुंफलेली असतात आणि विद्यापीठाने उद्या पत्ता बदलला, तरी ती बदलणे इष्ट नसते.

जुने नाव जपण्याचा हा आग्रह सर्वांत कठीण ठरतो तो नाव सोडण्यामागेच नैतिक कारण असते तेव्हा. कॅनडातील टोरांटोच्या रायरसन विद्यापीठाला एगर्टन रायरसन यांचे नाव होते आणि मूलनिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांच्या धोरणाशी त्यांच्या विचारांचा संबंध असल्यामुळे त्या नावाला तीव्र विरोध होता. जून २०२१ मध्ये आंदोलकांनी आवारातील त्यांचा पुतळा पाडला, ऑगस्टमध्ये नाव बदलण्याचा निर्णय झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये टोरांटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी हे नवे नाव जाहीर झाले. तिचे डोमेन ‘टोरांटोएमयू डॉट सीए’ असे आहे. ‘टीएमयू’ ही तीन आद्याक्षरे जपानमध्ये टोकियो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी, तैवानमध्ये तैपेई मेडिकल युनिव्हर्सिटी आणि भारतात मुरादाबादचे तीर्थंकर महावीर विद्यापीठ वापरत असल्यामुळे शहराचे नाव पूर्ण ठेवण्याचा एक फायदा असा, की पत्ता लिहिताना शेवटच्या दोन अक्षरांत चूक झाली, तरी पत्र दुसऱ्या खंडातील विद्यापीठात जाऊन पडत नाही. अशा प्रसंगी कर्मचाऱ्यांवर आणि विद्यार्थ्यांवर जुन्या नावाने लिहिण्याची सक्ती राहू नये, हे न्याय्यच आहे. परंतु तो हेतू बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट नव्या नावाने पाठवून पूर्ण होतो. आत येणाऱ्यासाठी जुने दार उघडे ठेवणे हा त्या नावाचा गौरव नव्हे, कारण त्या दाराशी येणाऱ्यांत जुन्या नावाची पदवी हाती असलेले माजी विद्यार्थीही असतात आणि नाव बदलण्यासाठी झगडलेलेही.

म्हणून जुने डोमेन किती काळ ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर ‘संस्था आहे तोपर्यंत’ असेच द्यावे लागते. खुल्या विभागातील नाव नूतनीकरणाअभावी सुटले, तर ते कोणीही घेऊ शकतो, त्यावर मेल सर्व्हर उभा करू शकतो आणि वर सांगितलेल्या सर्व विसरलेल्या खात्यांचे नवे पासवर्ड स्वतःकडे मागवू शकतो. ‘एसी डॉट इन’सारख्या केवळ शैक्षणिक संस्थांसाठी राखलेल्या विभागात हा धोका कमी असला, तरी पत्रे परत जाण्याची आणि दुवे मरण्याची हानी तेवढीच असते. वार्षिक शुल्काचा खर्च विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतका लहान असतो. नाव सुटते ते पैशाअभावी नव्हे, तर ते कोणाच्या कामाच्या यादीत नसते म्हणून. आणि नोंदणी करताना संपर्कासाठी दिलेला पत्ता त्याच डोमेनवरील, बहुधा निवृत्त झालेल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा असेल, तर मुदत संपत आल्याची सूचना कोणीही न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडते आणि मुदत संपल्यावर पाठवलेली सूचना तर पोहोचूच शकत नाही. स्थलांतराचे काम पूर्ण झाल्याची नस्ती बंद करण्यापूर्वी हा संपर्काचा पत्ता व्यक्तीऐवजी पदाच्या नावाने, नव्या डोमेनवर आणि शिवाय विद्यापीठाबाहेरील एका पर्यायी पत्त्यासह नोंदवून घ्यावा.